नातीची शिकवणी

दिवाळी अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकांपुढे काय वाढावे, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. एरवी दर आठवड्याला या पानावर मी द्राक्षबागेच्या, कांद्याच्या आणि गावातल्या माणसांच्या गोष्टी सांगतो आणि तुम्ही त्या सवयीने वाचता. दिवाळीला मात्र काही निराळे हवे असते. यंदा माझ्या ताटात आहे ते निराळे खरे, पण खाण्याजोगे नाही. कारण ते प्लॅस्टिकचे आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी एका चौदा वर्षांच्या गुरूकडे शिकवणी लावली आणि गाडीचे चाक करायला शिकलो. त्याची ही हकिकत.

विंचूर कुठे आले, असे मुंबई-पुण्याच्या वाचकांनी विचारण्याआधीच सांगून टाकतो. नाशिकहून संभाजीनगरकडे निघालात की निफाडच्या पुढे आमचे गाव लागते. इतिहास वाचणाऱ्यांना ते सरदार विंचूरकरांमुळे ठाऊक असते, बाजारभाव वाचणाऱ्यांना शेजारच्या लासलगावामुळे. इथे घरटी कोणी ना कोणी कांद्याच्या हिशेबात अडकलेला असतो. आमच्या घरी ते काम चिरंजीवांकडे आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या चाळीतला कांदा बराच सडला. कांद्याची चाळ म्हणजे तुमच्या गिरगावातली नव्हे. वर पत्रे, बाजूंना पट्ट्या, आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उंचावर फटी ठेवून केलेला तळ. वारा खालून वर खेळावा, अशी ती रचना. उन्हाळी कांदा तिथे चार-पाच महिने राहतो. पण एका कोपऱ्यात दमट हवा कोंडली की एक कांदा सडतो, तो शेजारच्याला घेऊन जातो, आणि आपल्याला कळते ते वास आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. चिरंजीव रात्री कंदिलासारखा चेहरा करून वही घेऊन बसत, आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

अशाच एका रात्री आमच्या नातीबाई म्हणाल्या, "बाबा, चाळीच्या खालच्या पोकळीत एक छोटी गाडी फिरवली तर? तिच्यावर हवेचा दमटपणा मोजणारा सेन्सर बसवायचा. कुठल्या कोपऱ्यात हवा कोंडली ते आधीच कळेल."

चिरंजीवांनी वहीतून मान वर केली नाही. मीही मनात म्हटले, पोरीचे वय आहे असे बोलायचे. पण पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. केंद्र सरकारने २०१६ सालापासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांतून या प्रयोगशाळा उघडल्या. त्यांत मोटारी, सेन्सर, वायरी असतात आणि थ्री-डी प्रिंटरही असतो. पंधरवड्यात तिने दोन पिवळ्या मोटारी, एक अर्डुइनोची पाटी आणि विजेऱ्या जमवल्या. चाके, मोटार धरायची पट्टी आणि सेन्सर उचलणारा हात, एवढे छापून घ्यायचे राहिले होते. गाडी अडली ती तिथे.

एका संध्याकाळी ती ओसरीवर येऊन बसली. एका हातात मोटार, दुसऱ्या हातात लाल चाक.

"आजोबा, हे बसत नाही."

तिने इंटरनेटवरून कोणीतरी काढलेले चाक उतरवून घेतले होते. पहिल्या वेळी तर गंमतच झाली. पडद्यावर ते चाक मसुराच्या डाळीएवढे दिसू लागले. ज्याने काढले त्याने इंचात काढले होते, आणि अशा छपाईसाठी जी एसटीएल नावाची फाईल वापरतात तिच्यात आकडे असतात, पण ते इंच की मिलिमीटर हे लिहिलेले नसते. सारा आकार बारीक त्रिकोणांनी मढवलेला, एकक मात्र नाही. आकडे २५.४ पटींनी वाढवले तेव्हा चाक चाकाएवढे झाले. दुसऱ्या वेळी ते छापले, तर मोटारीच्या दांड्यावर चढेना.

मी चाक हातात घेतले, आणि खरे सांगायचे तर ते परत देऊन वर्तमानपत्र उचलावे असे मनात आले. त्याला कारण आहे. ते कारण आमच्या मंडळींखेरीज आजवर कोणाला सांगितलेले नाही, पण दिवाळीला घर झाडतात तसे मनही झाडावे.

माझी पिढी ओझरच्या सावलीत वाढली. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हा मी पाचवीत होतो. पंचक्रोशीतल्या प्रत्येक बापाला वाटू लागले की आपल्या पोराने फिटर, टर्नर नाहीतर ड्राफ्ट्समन व्हावे. मी ड्राफ्ट्समन झालो. ओझरला नव्हे, सातपूरच्या एका कारखान्यात. पंचवीस वर्षे ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिलो. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाचा वास मारणाऱ्या प्रती, हा माझा संसार. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात लहान चौकटी असतात: कोणी काढले, कोणी तपासले. शेवटची दहा वर्षे तपासणीच्या चौकटीत माझी सही असे.

१९९६ साली कचेरीत संगणक आला. साहेबांनी सर्वांना शिकायला बसवले. माझ्याहून पंधरा-पंधरा वर्षांनी लहान पोरे दोन आठवड्यांत त्यावर सराईतपणे रेघा ओढू लागली. मी तीन दिवस बसलो. माऊस धरला की हात कापे. चौथ्या दिवशी डोकेदुखीचे निमित्त केले. पुढे संगणकातून निघालेले पहिले ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आले. मापे बरोबर होती. तरी मी सही केली नाही. म्हटले, "ज्याची रेघ कशी ओढली ते मला कळत नाही, त्यावर मी सही करणार नाही." लोकांना तो माझा बाणा वाटला. मी भ्यालो होतो, एवढेच. १९९८ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, विंचूरला आलो, आणि शेतीची ओढ होती असे सर्वांना सांगितले.

त्यामुळे नातीने चाक पुढे केले तेव्हा मी जरा थांबलो. मग उठलो आणि माळ्यावरची पेटी काढली. तेलकट फडक्यात गुंडाळलेला माझा व्हर्नियर तीत होता. सत्तावीस वर्षांनी उघडला, तरी जबडा सुरळीत सरकला.

"दांड्याचे माप किती?" मी विचारले.

"मापं तर फाईलमध्ये असतात ना, आजोबा?"

"फाईलमध्ये त्या माणसाच्या मोटारीची मापं आहेत, बाळ. तुझी मोटार तुझ्या हातात आहे."

मग आम्ही मोजले. या पिवळ्या मोटारीला पोरे बीओ मोटार म्हणतात. तिचा दांडा गोल असतो, पण दोन बाजूंनी तासून चपटा केलेला. त्यामुळे चाक दांड्यावर घसरत नाही. गोलाई ५.४ मिलिमीटर भरली, चपट्या बाजूंमधले अंतर ३.७. नातीने चाकातले भोक मोजले, तर ते ३.५ भरले. दोन दशांशांनी गाडी अडली होती. मी जुन्या सवयीने कागदावर दांड्याची दोन चित्रे काढली, एक समोरून, एक बाजूने, आणि मापे लिहिली. नातीने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे संगणकाशिवायही काढता येतं!" हे वाक्य ऐकायला मला सत्तावीस वर्षे लागली होती. मग ती म्हणाली, "आता हेच पडद्यावर काढू. बसा." आणि मी बसलो.

सुरुवात टिंकरकॅडने झाली. ज्या वाचकांच्या घरी असा एखादा नातू किंवा नात आहे, त्यांनी इथूनच आरंभ करावा. हे सॉफ्टवेअर संगणकात भरावे लागत नाही. इंटरनेटच्या पानावरच चालते, आणि फुकट आहे. २०११ साली ते निघाले, २०१३ साली ऑटोडेस्क कंपनीने घेतले. लहान मुलांचे खाते मात्र मोठ्यांच्या किंवा शिक्षकांच्या संमतीने उघडावे लागते. पडद्यावर एक चौकटीचे फडके अंथरलेले असते आणि कडेला ठोकळे: चौकोनी, गोल, निमुळते. ठोकळा ओढून फडक्यावर ठेवायचा आणि लांबी, रुंदी, उंची आकड्यांत लिहायची. त्यातली मुख्य युक्ती एकच आहे. प्रत्येक ठोकळा भरीव ठेवता येतो किंवा त्याचे 'भोक' करता येते. भरीव आणि भोक एकत्र बांधले की भोकाएवढा भाग भरीवातून कापला जातो. आपल्या घरातली बाई चकतीला वाटीने भोक पाडते, त्यातलाच प्रकार.

चपट्या दांड्याचे भोक कसे करायचे, हे कोडे मला सुटले आणि माझा हुरूप वाढला. आधी ५.४ चा भरीव दांडा करायचा. त्याच्या दोन बाजू दोन भोक-ठोकळ्यांनी तासायच्या. असा खराखुरा चपटा दांडा तयार झाला की त्या सबंध दांड्यालाच भोक करून चाकात बसवायचे. लोहार तापल्या लोखंडात सुंभा ठोकून भोक पाडतो. आधी सुंभा घडवायचा, मग भोक. नातीला हे सांगितले तेव्हा तिने आमच्या गल्लीतल्या लोहाराचे नाव घेऊन विचारले, "म्हणजे ते पण डिझायनरच?" म्हटले, "अर्थात."

एक खोड तिथे लक्षात ठेवावी. पडद्यावरचा गोल हा खरा गोल नसतो. तो पुष्कळ लहान बाजूंचा बहुकोन असतो. बाजूंची संख्या कमी राहिली तर चाक खडखडते. ती संख्या वाढवून घ्यावी.

चाक काढून झाले, आता छपाई. ती समजावून सांगण्याचे श्रेय आमच्या मंडळींचे आहे. आधी मी घरात मोठ्या थाटात सांगत होतो, की प्लॅस्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची तार सुमारे २०० अंशांपर्यंत तापवतात, ०.४ मिलिमीटरच्या तोंडातून बाहेर काढतात आणि ०.२ मिलिमीटरचा एकेक थर देत वस्तू उभी करतात. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "अहो, सोऱ्याच तो. चकली वेटोळ्यांनी आडवी घालतात, हे वेटोळ्यावर वेटोळं चढवतात." तेव्हापासून आमच्या घरात थ्री-डी प्रिंटरला सोऱ्या हेच नाव पडले. आपण काढलेल्या आकाराचे थर पाडून सोऱ्याने कुठे कसे फिरावे हे ठरवायला वेगळे सॉफ्टवेअर लागते. त्याला स्लायसर म्हणतात. क्युरा आणि प्रुसास्लायसर ही त्यातली दोन फुकट मिळणारी नावे. पहिले वेटोळे ताटाला नीट चिकटले नाही तर पुढची चकली बिघडते, हाही नियम तोच.

मापाप्रमाणे भोक ठेवून चाक छापले, आणि ते पुन्हा बसले नाही. नातीचे डोळे भरले. मला मात्र एकदम घरी आल्यासारखे वाटले, कारण हा रोग मी ओळखत होतो. ५ चा दांडा ५ च्या भोकात कधीच जात नाही. कारखान्यात आम्ही त्यासाठी मुद्दाम सैल माप ठेवत असू. प्लॅस्टिकचे तर आणखी नखरे. तापलेली तार निवताना आकसते आणि दाबाने आतल्या बाजूला पसरते, म्हणून छापलेले भोक काढलेल्या भोकापेक्षा लहानच येते. किती लहान, हे यंत्रायंत्रावर आणि तारेवर असते. ते पुस्तकात शोधू नये, करून पाहावे. आम्ही एक छोटी पट्टी काढली. तीत दांड्याचीच तीन भोके, पण अनुक्रमे ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटर मोठी. वीस मिनिटांत छापून झाली. पहिल्यात दांडा शिरला नाही, तिसऱ्यात खुळखुळला, दुसऱ्यात दाबून बसला. त्या दिवसापासून आमचे ठरले: दाबून बसवायचे तिथे ०.२, फिरते ठेवायचे तिथे ०.३. नवशिक्याने पहिले काम हेच करावे. या पट्टीला बोटभर प्लॅस्टिक लागते आणि ती पुढची दहा चाके वाचवते.

हे यंत्र घरगुती कसे झाले, त्याची गोष्टही मुलांना सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत स्कॉट क्रम्प नावाचे एक इंजिनियर होते. १९८८ च्या सुमारास आपल्या लहान मुलीसाठी एक बेडूक करावा म्हणून त्यांनी डिंक वितळवून सोडणारी बंदूक घेतली, तीत मेण आणि प्लॅस्टिकचे मिश्रण भरले, आणि थरावर थर देत बेडूक उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांनी या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पत्नीसह कंपनी काढली. मग वीस वर्षे ही यंत्रे मोठ्या कारखान्यांपुरतीच राहिली. २००५ साली इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठातले एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप नावाचा उपक्रम सुरू केला. स्वतःचेच पुष्कळसे भाग छापू शकेल असे यंत्र करायचे आणि त्याचे आराखडे सर्वांना मोकळे ठेवायचे, असा त्यांचा विचार. २००९ साली क्रम्प यांचे मूळ पेटंट संपले, आणि हौशी माणसांच्या टेबलावर ही यंत्रे येऊ लागली. बापाने पोरीसाठी केलेल्या बेडकाचे हे वंशज नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत आले आणि एका पोरीच्या कांद्याच्या गाडीला लागले, हे मला मोठे गोड वाटते.

चाकांपुरते टिंकरकॅड पुरले. मोटार धरायची पट्टी करताना मात्र आम्ही दमलो. पट्टीची जाडी ३ मिलिमीटरवरून ४ केली की भोके सरकवायची, कोपरे पुन्हा जुळवायचे. एका बदलापायी सगळी मांडणी मोडायची. नातीला तिच्या सरांनी फ्रीकॅड सुचवले. हे संगणकात भरून घ्यावे लागते, पण तेही फुकट, आणि २००२ सालापासून जगभरचे लोक मिळून ते घडवीत आले आहेत. शिकायला ते जड आहे. पहिले आठ दिवस तर कुठले बटण कशासाठी हेच कळत नाही. पण माझे पूर्वसंचित तिथे उपयोगी पडले.

त्यात ठोकळे मांडायचे नसतात. आधी सपाट आकृती काढायची, जशी आम्ही बोर्डावर काढत असू. मग तिला बंधने घालायची: ही रेघ आडवी, ही तिला समांतर, हे भोक कडेपासून इतके दूर, ही दोन भोके सारखी. जोवर एखादे बंधन कमी आहे तोवर कोपरा धरून ओढला की आकृती हलते. शेवटचे माप पडले की सारी आकृती हिरवी होते, आणि मग ती कोणाच्या बापाला हलत नाही. त्यानंतर तिला उंची द्यायची, खोदायची, कडा गोल करायच्या. पुढे कधीही ३ चे ४ करा, सगळे आपोआप नव्याने बसते. पहिली आकृती हिरवी झाली तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो. कमी माप दिलेले ड्रॉइंग मी पंचवीस वर्षे लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवत होतो. तेच काम हे यंत्र रंग बदलून करत होते. मी ज्याला भ्यालो होतो तो माझाच धंदा निघाला.

पुढे वाचनात आले की ही बंधनांची कल्पना मुळातच जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली एमआयटीत स्केचपॅड नावाचे सॉफ्टवेअर केले. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढायची आणि तिला नियम घालायचे, ही सोय त्यात होती. म्हणजे मी टी-स्क्वेअर हाती धरण्याच्या दहा वर्षे आधीच ते झाले होते.

चुका किती झाल्या, तेही सांगितले पाहिजे. सेन्सर वर उचलायला नऊ ग्रॅम वजनाची सर्व्हो मोटार होती. तिच्यासाठी एक लांब हात काढला. तो उभा छापला. पहिल्याच दिवशी मधोमध कट्कन तुटला. आमच्या मंडळींनी तुकडा पाहून सांगितले, "चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसं झालंय." अगदी खरे. छापलेली वस्तू थरांच्या आडव्या दिशेने मजबूत असते. थर एकमेकांपासून सुटायला मात्र थोडा जोर पुरतो. तोच हात आडवा निजवून छापला, तो अजून टिकून आहे. वस्तू काढतानाच ती कशी निजवणार हे ठरवावे, हा धडा त्यातून मिळाला. तसेच, आधाराशिवाय ४५ अंशांहून जास्त बाहेर झुकणारी कड छापताना लोंबते, म्हणून शक्य तिथे आकारच बदलावा.

दुसरी चूक माझी एकट्याची. वैशाखात चाळ भरायचे काम चालू असताना गाडी दाखवायला म्हणून नेली आणि दुपारभर पत्र्याजवळ उन्हात विसरलो. संध्याकाळी मोटारीची पट्टी मिशीसारखी वाकलेली. पीएलए नावाचे जे प्लॅस्टिक शाळांतून वापरतात ते मक्यासारख्या पिकांच्या पिठुळापासून होते, छापायला सोपे असते, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. आमच्याकडच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, बंद मोटारगाडीत त्याचा टिकाव लागत नाही. उन्हात राहणारे भाग पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकचे करावेत. ते सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरते. नात काही बोलली नाही. तिने फक्त फाईल उघडली आणि म्हणाली, "जाडी चार करू. तुम्हीच करा, आजोबा." मी आकडा बदलला. पट्टी आपोआप बदलली. वाकलेली पट्टी मी टेबलावर ठेवली आहे, कागद दाबायला.

ज्यांना घरी आरंभ करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. यंत्र आधी विकत घेऊ नये. शाळेत सोय असेल तर उत्तम, नसेल तर मोठ्या शहरांतून फाईल दिली की छापून देणारी दुकाने आहेत. तारेचे किलोभराचे रीळ साधारण हजार रुपयांच्या आसपास येते आणि एका चाकाला पंधरा-वीस ग्रॅम पुरतात, तेव्हा चुकांचा खर्च फार नाही. आधी व्हर्नियर घ्यावा. साध्या कामाला स्वस्तातलाही चालतो. पहिली वस्तू घरातलीच निवडावी: एखादी तुटलेली खुंटी, दप्तराचे बक्कल. ती मोजावी, कागदावर काढावी, मगच पडद्यावर न्यावी. सॉफ्टवेअरची नावे पुष्कळ कानी येतील. फ्यूजन हे घरगुती, बिनकमाईच्या वापरासाठी काही मर्यादांसह फुकट मिळते. ऑनशेप इंटरनेटवर चालते, पण फुकट खात्यातली चित्रे साऱ्या जगाला दिसतात. ओपनस्कॅडमध्ये चित्र काढायचेच नसते, गणितासारखे लिहायचे असते. ब्लेंडर मूर्तिकाराच्या हाताचे आहे. बाहुलीच्या चेहऱ्याला चांगले, मोटारीच्या पट्टीला नव्हे. एकाच वेळी सगळ्यांच्या मागे लागू नये. इंग्रजीचा अडसर वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात.

आता गाडीचे काय झाले ते. श्रावणात ती पहिल्यांदा चाळीखाली नीट फिरली. चाकांना आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या चढवल्या होत्या. दोनदा ढेकळाला अडली, एकदा विजेरी संपून मध्येच बसली आणि नातीला पोटावर सरपटत जाऊन ओढावी लागली. पण तिने आकडे आणले. कांद्याला हवेचा दमटपणा शेकडा ६५ ते ७० मानवतो. बाकी चाळ त्याच्या आसपास होती, आणि एका कोपऱ्यात आकडा ८० च्या वर गेला. चिरंजीव विजेरी घेऊन गेले, तर पावसासाठी बांधलेली ताडपत्री तिथे सुटून खालच्या फटीवर पडलेली. वारा बंद. त्यांनी ताडपत्री वर बांधली, तो कोपरा त्याच आठवड्यात उपसला, आणि बरा कांदा निवडून आधी बाजारात नेला. यंदा एकंदर किती वाचला याचा हिशेब अजून लागायचा आहे, त्यामुळे फुगवून सांगत नाही. पण त्या रात्री चिरंजीवांनी वही मिटली आणि लेकीला विचारले, "उद्या पुन्हा फिरवशील का गं?" घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मोठ्याने बोलले.

गणपतीनंतर शाळेच्या प्रदर्शनासाठी नातीने गाडीच्या सर्व भागांचे ड्रॉइंग कागदावर काढून घेतले. फ्रीकॅडमधून ते तसे निघते. समोरून, वरून, बाजूने, आणि उजव्या कोपऱ्यात त्याच जुन्या चौकटींसह. ती कागद घेऊन ओसरीवर आली. 'काढले' या चौकटीत तिचे नाव होते. 'तपासले' ही चौकट रिकामी होती.

"आजोबा, इथं तुमची सही हवी."

मी चष्मा लावला. मापे एकेक करून पाहिली, कारण सवय जात नाही. एका भोकाचे कडेपासूनचे अंतर द्यायचे राहिले होते, ते लाल पेन्सिलीने दाखवले. तिने आत जाऊन ते घातले आणि नवा कागद आणला. मग मी सही केली. हात कापला नाही.